पहिल्या पाण्याचा खड्डा

माय, गेल्या आठवड्यात मी तुझ्या खड्ड्यात हात घातला आणि आतून प्लास्टिकचा डबा निघाला. छावणीतल्या जुन्या कॅथलिक चर्चच्या मागचा खड्डा गं, जिथं तू दर सोमवारी इनॅमलचं पांढरं भगुणं घेऊन वाकायचीस. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्याच्याही कितीतरी आधीपासून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं, आणि शेवटी टाकलं ते कशासाठी, तर एका खेळासाठी. तुझी नात पुण्याहून चार दिवस सुट्टी काढून आली होती. आई निवृत्त झाल्यापासून गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये बसून गंजत चालली आहे, तिला बाहेर काढलं पाहिजे, असं तिनं परस्पर ठरवून टाकलंय. सकाळी नाष्टा झाला तशी फोन नाचवत म्हणाली, "मम्मी, चप्पल घाल. आपल्याला खजिना शोधायचाय."

खजिना कसला, डोंबल! खेळ असा आहे. एखादा रिकामटेकडा माणूस एक डबा घेतो, त्यात छोटी वही, पेन्सिल आणि चार फुटकळ वस्तू टाकतो आणि गावात कुठंतरी लपवून ठेवतो. जागेची खूण फोनवर टाकतो. मग दुसरे रिकामटेकडे ती खूण बघत बघत येतात, डबा हुडकतात, वहीत नाव आणि तारीख लिहितात, आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवतात आणि डबा होता तिथं परत सारून देतात. जिओकॅश म्हणतात त्याला. जगभर चालतं म्हणे. मुद्दाम जुन्या वास्तूंजवळ ठेवतात, म्हणजे माणसं तिथं जातात आणि त्यांना इतिहास कळतो, असं लेक मला रिक्षात समजावत होती. चांगली शिकलेली, पगार घेणारी पोरं, आणि भिंतींच्या भोकांत हात घालत हिंडतात! मला रिक्षातच मळमळायला लागलं. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. त्यात वाळूजच्या औषधाच्या कंपनीत सत्तावीस वर्षं पॅकिंगला काढली, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. आता घरीसुद्धा मी भाजी तीन पाण्यांतून काढते आणि लिफ्टचं बटण कोपरानं दाबते. शेजारणी मला हसतात, हसू देत.

आता तिथं कसं आहे ते सांगते. रस्ता रुंद केला तेव्हा चर्चचं मागचं कुंपण पाडलं. आता मागच्या खोलीची भिंतच गल्लीला लागून आहे आणि तुझा खड्डा रस्त्याच्या कडेला आलाय. पुढून चर्च तसंच आहे, तू ठेवायचीस तसं. काळा दगड, उंच खिडक्या, झाडलेलं अंगण, कुंड्यांना गेरू. बघत राहावं असं. आणि मागं! भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत पिचकाऱ्या, वाळलेल्यांवर ओल्या. थर्माकोलच्या ताटल्या, त्यांत बिर्याणीची हाडं, त्यांच्यावर कुत्री. पुरुषांनी तर त्या भिंतीची मुतारीच करून टाकलीय, वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. हीच माणसं पुढून गेली की मोबाईल काढून चर्चचा फोटो घेतात आणि आमचं ऐतिहासिक शहर म्हणून छाती फुगवतात. थू! लेक नाकाला ओढणी लावून फोनवरची खूण वाचत होती. "चर्चच्या मागे, निजामाच्या काळातल्या गटाराच्या तोंडात. फरशी सरकवा." गटार! माय, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती इकडचे तिकडचे दगड पायानं हलवत होती, तोवर मी तरातरा गेले, तिसऱ्या खिडकीच्या खाली बसले, फरशी सरकवली आणि हात आत घातला. पार कोपरापर्यंत.

डब्यात काय होतं? ओलसर, कुबट वासाची वही. पाय तुटलेला प्लास्टिकचा घोडा. कागदासकट वितळलेली चॉकलेटं आणि त्यांना लागलेल्या मुंग्या. एक परदेशी नाणं. केस अडकलेली क्लिप. आणि ओठांना लावायची मलमाची कांडी, निम्मी वापरलेली. कुणाच्या तरी तोंडाची! शी! ती कुणी वस्तू म्हणून ठेवली आणि बदल्यात काय नेलं असेल, देव जाणे. लेक मात्र हरखून गेली होती. "मम्मी, तुला कसं कळलं? मला नकाशा हातात असून सापडलं नाही." मी म्हणाले, "अंदाजानं." तिनं वहीत आमच्या दोघींची नावं लिहिली, फोनवरही टाकली, डबा परत आत सारला आणि बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतता ओतता हसायला लागली. "तू, आणि गटारात हात! कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही." मी एकदम ओरडलेच, "गटार नाही ते!" ती म्हणाली, "मग काय आहे?" मी म्हणाले, "चल, ऊन वाढतंय."

काय आहे ते मला अकराव्या वर्षापासून ठाऊक आहे. तू चर्चच्या झाडलोटीला लागलीस तेव्हा तिथली पांढरी फडकी धुवायचं काम तुझ्याकडं नव्हतं, ते सिस्टर स्वतः करायची. केरळकडची म्हातारी सिस्टर, आपल्या गल्लीत राहून राहून इथलं हिंदी बोलायला लागलेली. प्रार्थनेच्या वेळी फादर ज्या पेल्यातून द्राक्षारस घेतात, तो पेला पुसायची ती फडकी. हातरुमालाएवढी, मधोमध लाल दोऱ्याचा छोटा क्रूस. त्यांच्या रीतीप्रमाणं त्या फडक्यांचं पहिलं पाणी गटारात जाता कामा नये, जिथं कुणाचा पाय पडेल तिथंही नाही. ते मातीतच मुरलं पाहिजे. त्यासाठीच तो खड्डा, बाजूंनी विटा आणि तळाला नुसती माती. दुसऱ्या पाण्यापासून मग साबण लावा, नीळ घाला, काहीही करा. सिस्टरची बोटं संधिवातानं वाकडी झाली, फडकं पिळवेना, तेव्हा तिनं चर्चमधल्या इतक्या बाया सोडून हे काम तुझ्या हातात दिलं. देवगाव रंगारीहून आलेल्या, दीक्षा घेतलेल्या घरातल्या, कुठल्याच देवापुढं न वाकणाऱ्या बाईच्या हातात. "तुम करती सो बराबर करती," असं म्हणाली होती ती. हे वाक्य तू आम्हाला किती वेळा ऐकवलंस! भाकरी थापताना, माझी वेणी घालताना, मधूनच आठवण आल्यासारखं, तिचा आवाज काढून. तुला कुणी शाबासकी दिलेली मी आयुष्यात तेवढीच बघितली.

मला मात्र त्या फडक्यांची शिसारी यायची. आज्यानं आम्हाला लहानपणापासून एकच घोकायला लावलं होतं, की दीक्षा घेतली त्या दिवशी आपण उष्टं सोडलं. कुणाच्या दारात भाकर मागायची नाही, कुणाचं उरलंसुरलं पदरात घ्यायचं नाही. आणि आमची माय परक्याच्या तोंडचा पेला पुसलेली फडकी हातानं चोळते! एकदा मी तुला ते तोंडावर बोलले. तू मान वर न करता म्हणालीस, "उष्टं खाणं निराळं आन उष्टं धुणं निराळं. तुझं ताट काय सरकार येऊन धुतंय का रोज?" मी म्हणाले, "आन ते पाणी मातीतच कशाला वतायचं? आपला कुठं इस्वास हाय त्याच्यावर?" तेव्हा तुझे हात थांबले. भगुण्यातलं पाणी स्थिर झालं. मग म्हणालीस, "इस्वास त्यांचा हाय. शब्द माझा हाय." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, मी नाक मुरडून निघून गेले.

आणि मग तो सोमवार. तुला सणकून ताप आलाय, तू दोन गोधड्या घेऊन पडली आहेस. मी शाळेतून येते तशी तू म्हणतेस, "तेवढी फडकी भिजवून पिळून ये गं बाई. सात हायेत, मोज. पहिलं पाणी खड्ड्यात, ध्यानात ठिव." मी जाते. चर्चच्या अंगणात कुणी नाही, फाटकाबाहेर पोरींचा गलका चाललाय. नळापाशी बसून मी फडकी भिजवते, दोन बोटांनी, श्वास रोखून. पाणी फिकट गुलाबी होतं, त्याला आंबूस वास येतो. मी पिळून पिळून बाजूला ठेवते, तू मोजायला सांगितलंस ते विसरते. सहाच पिळली होती. सातवं तळाशी चिकटून राहिलं, ते मला दिसलंच नाही. खड्ड्याकडं जायला अख्ख्या चर्चला वळसा घालावा लागायचा, आणि गटार माझ्या पायाशी होतं. ते भगुणं आणखी क्षणभरही हातात धरवेना इतकी मला किळस आली, आणि मी ते तिथंच गटारात पालथं केलं. घरी आले तेव्हा तू डोळे मिटून विचारलंस, "खड्ड्यातच वतलंस ना?" मी म्हणाले, "व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आपल्या घरी आली. तोवर ती कधीच आली नव्हती. तिच्या तळहातावर ते सातवं फडकं होतं, गटारातल्या गाळानं काळं झालेलं, लाल क्रूस तेवढा ओळखू येत होता. तू तापात थरथरत उठून उभी राहिलीस. "ये नाली में मिला मेरे को," ती म्हणाली. "तुम पे भरोसा था." तू माझ्याकडं बघितलंस. दोन क्षण, जास्त नाही. मी खाली बघून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मग तू तिला म्हणालीस, "वाऱ्यानं उडालं आसंल, सिस्टर. माझी पोरगी म्हणती खड्ड्यात वतलं, म्हंजी खड्ड्यातच वतलं. ती खोटं बोलत नाय." सिस्टर म्हातारी होती, खुळी नव्हती. ओलं फडकं वाऱ्यानं कुठं उडतं? पण ती रागावली नाही. "ठीक है," एवढंच म्हणाली, आणि त्या सोमवारपासून फडकी परत स्वतः धुवायला लागली. त्या वाकड्या बोटांनी पिळताना तिचं तोंड कसं व्हायचं ते मी बघितलंय. तुझ्याकडं नुसता झाडू राहिला. तू पुढं कित्येक वर्षं तिथं झाडलंस, आणि "बराबर करती" हे आपल्या घरात पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मला तू एका शब्दानं बोलली नाहीस. दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर मी बहुतेक सगळं सांगून मोकळी झाले असते. तुला कळलं होतं का गं? विचारायला मला किती वर्षं मिळाली होती, आणि तुझ्या शेवटच्या आजारात उशाशी बसून डाळिंबाचे दाणे सोलत होते तेव्हाही मी विचारलं नाही.

लेक पुण्याला परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी तिथं गेले. पिशवीत खराटा, जुनं उलथनं आणि दोन बाटल्या पाणी. हातमोजेही नेले होते, पण त्या खड्ड्यापाशी बसल्यावर ते घालायला मन होईना. आतून काय काय निघालं ते सगळं लिहीत नाही, मला अजून जेवायचंय. गुटख्याच्या पुड्या ओंजळी भरभरून निघाल्या, सिगारेटची थोटकं, काचा, कसलं तरी बुळबुळीत कापड. मी उकरत बसलेय आणि एक रिक्षावाला आला, माझ्यापासून चार हातांवर, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी कडाडलेच, "ओ! लाज वाटत नाही का? बाईमाणूस बसलंय इथं!" दचकला. "क्या मौसी, नाली तो है ये!" "नाली नाही ही!" "फिर क्या है?" माय, तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. त्याला सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तो पुटपुटत निघून गेला आणि मी त्या घाणीत हात घालून बसून राहिले. पिचकारी मारणाऱ्यांची मला किळस येते, मुतणाऱ्यांची येते, डबा लपवून त्याला इतिहास म्हणणाऱ्याची येते. पण यांतल्या एकालाही कुणी सांगितलं नव्हतं की ते गटार नाही. मला सांगितलं होतं. मला तर तू ताप अंगात असताना बजावून सांगितलं होतंस.

पहिली बाटली ओतली तर पाणी तसंच तुंबलं, वर थोटकं तरंगायला लागली. मी ती काढली, बोटांनी तळ खरवडला, नखांत थंड माती लागली तेव्हा ते हळूहळू खाली गेलं. दुसरी बाटली मात्र घटाघट जिरली. बरं वाटलं म्हणून सांगेन तर खोटं होईल, हाताला वास येत होता आणि गुडघे भरून आले होते. फरशी सारखी केली. डबा बाजूला काढून ठेवला होता, तो परत आत ठेवायला माझा हात होईना. त्यातली ती कुणाच्या तरी ओठांची कांडी डोळ्यांसमोरून हलेना. मी डबा पिशवीत घातला आणि घरी घेऊन आले.

काल लेकीचा फोन आला, रडवेली झालेली. त्या खेळाच्या लोकांत बोंबाबोंब झाली आहे की चर्चमागचा डबा गायब. शेवटची नावं आमची. "मम्मी, सगळे मलाच विचारतायत. एकानं तर सरळ लिहिलंय की शेवटी आलेल्यांनीच ढापला असणार. मी चार वर्षं खेळतेय, माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. तू परत गेली नव्हतीस ना तिकडं?" डबा समोर ओट्याखाली होता, फिनेलच्या बाटलीशेजारी. त्याचा कुबट वास मला तिथंवर येत होता. मी म्हणाले, "नाही गं. मी कशाला जाऊ त्या घाणीत?" ती दोन क्षण गप्प राहिली. तूही तेवढीच राहिली होतीस. मग म्हणाली, "मला माहीतच होतं. मी आत्ता लिहिते त्यांना. माझी आई म्हणते नाही, म्हणजे नाही. ती खोटं बोलत नाही."

फोन ठेवून मी मोरीत जाऊन ओकले. मग तोंड धुऊन हे लिहायला बसले. कागद घडी करून त्याच डब्यात ठेवीन. तुझ्यापर्यंत तो जायचा नाही, आणि लेकीच्या हातात द्यायची माझी अजून छाती नाही. पण वर एक गोष्ट मी लिहिली आहे ती दुरुस्त करायची राहिली. मला किळस आली म्हणून ते पाणी मी गटारात ओतलं, असं लिहिलंय. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आले. उष्ट्याची किळस, आज्याची शिकवण, स्वाभिमान, ऐकायला सगळं चांगलं वाटतं. त्या सोमवारी मला किळस आलीच नव्हती, माय. फाटकापाशी माझ्या मैत्रिणी ठिकरीचा डाव मांडून मला हाका मारत होत्या, आणि मला खेळायला जायचं होतं.